बुडणार नाही

फ्रेमवालीने काचेवर हिरा टेकवला, श्वास रोखला आणि एका दमात ओढला. चर्र. काच अजून अखंडच होती. फक्त कुठे तुटायचं ते आता तिला ठाऊक झालं होतं.

*

दुकानाच्या भिंतीवर खिळ्यांची रांग होती. एकेका खिळ्याला फ्रेमच्या कोपऱ्याचा एकेक नमुना: काळा, सोनेरी, अक्रोडी, पांढरा घासलेला. शेवटच्या खिळ्याला पोहण्याची निळी रबरी टोपी लटकत होती, आणि तिच्यातून गळणारं पाणी खालच्या पुठ्ठ्यावर पडू नये म्हणून तिथे एक वाटी ठेवली होती.

*

"बोला."

आत्या फोन उचलल्यावर हॅलो म्हणत नसे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभा जन्म काढलेली बाई. हॅलो म्हणण्यात लोकांचा वेळ जातो, असं तिचं म्हणणं. तो वाचवलेला वेळ ती पुढे गप्पांत व्याजासकट वसूल करायची.

*

पोटमाळ्यावर एकाच मापाच्या रिकाम्या फ्रेमा, भिंतीकडे तोंड करून उभ्या. सगळ्या वर्गाला एकदम शिक्षा झाल्यासारख्या.

*

"काठ सोडा, आजी."

"मी सोडतेच आहे. काठाला सांगा, मला सोड म्हणावं."

*

कंपनीच्या वकिलाने लॅपटॉपची कळ दाबली आणि न्यायालयाच्या त्या बुटक्या खोलीत आत्याचा आवाज पसरला.

फ्रेमवाली प्रतिवादीच्या खुर्चीत बसली होती. या क्षणापर्यंत तिला वाटत होतं की खटला जिंकल्यातच जमा आहे. सकाळी घरातून निघताना तिने दुकानाच्या दारावर 'दुपारी उघडेल' अशी पाटीसुद्धा लावली होती. ठसक्यात. आता तो आवाज ऐकून तिला ती पाटी आठवली.

सगळ्याची सुरुवात एका हॉटेलवाल्यापासून झाली होती. त्याने सगळ्या खोल्यांसाठी फ्रेमा मागवल्या, एकाच मापाच्या, अक्रोडी रंगाच्या. आगाऊ रक्कम उद्या देतो म्हणाला. फ्रेमवालीने क्रेडिट कार्ड काढलं आणि त्यावर पट्ट्या घेतल्या, काचा घेतल्या, आणि पायाने दाबून कोन कापायचं ते यंत्रही घेतलं, ज्याच्याकडे ती कित्येक वर्षं दुसऱ्यांच्या दुकानांत जाऊन नुसती बघत उभी राहायची. यंत्र आलं त्या दिवशी तिने पहिला कोपरा कापून जोडला आणि दिव्यासमोर धरला. फटीतून उजेडाचा कण आला नाही. ती एकटीच टाळ्या वाजवत सुटली.

हॉटेल उघडलं नाही. कार्डाचं बिल मात्र उघडंच राहिलं.

आधी ती थोडेथोडे भरत राहिली, मग तेही जमेना. व्याजाला व्याज चिकटलं. शेवटी बँकेने ते कर्ज एका वसुली कंपनीला विकून टाकलं. कर्ज विकता येतं, हे फ्रेमवालीला तेव्हा कळलं. तिच्या फ्रेमांना गिऱ्हाईक मिळत नव्हतं आणि तिच्या कर्जाला मात्र मिळालं होतं.

मग समन्स आलं. दावा हरलो तर आधी यंत्र जाईल, हे सांगायला कुणी वकील लागत नव्हता. दुकानात विकण्यासारखं दुसरं होतं काय? ती आणि आत्या.

न्यायालयात मोफत सल्ल्याची एक खिडकी होती. तिथल्या वकीलबाईंनी एकच प्रश्न विचारला.

"शेवटचे पैसे कधी भरलेत?"

फ्रेमवालीने सांगितलं. बाईंनी मनातल्या मनात हिशेब केला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"मग मुदत उलटून गेलीय. अशा दाव्याला मुदत असते. मध्यंतरी तुम्ही एक पैसाही भरला नसेल आणि कर्ज कबूल केलं नसेल, तर दावा उभा राहत नाही. कबूल केलंत का कुठे? लिहून, बोलून?"

"छे हो. मी तर त्यांचा फोनसुद्धा उचलत नव्हते."

हे खरं होतं. तिने उचलला नव्हता. मग एवढे दिवस तो वाजायचा थांबत कसा होता, असा प्रश्न त्या घाईत तिला पडला नाही. ती तरंगतच घरी गेली.

आणि आता हे.

"मॅडम, बाकी आहे ना अजून?" लॅपटॉपमधली मुलगी म्हणाली.

"आहे ना गं. पुष्कळ बाकी आहे. पण तू काळजी करू नकोस, बुडणार नाही. होईल हळूहळू."

"नक्की ना?"

"शब्द दिला ना तुला."

वकिलाने कळ दाबून आवाज बंद केला. तो पुरता खूश होता. खुशीत त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"ही स्पष्ट कबुली आहे, साहेब. गेल्याच वर्षीची. म्हणजे मुदत नव्याने सुरू झाली."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून फ्रेमवालीकडे पाहिलं.

"हा आवाज तुमचा?"

"नाही, साहेब."

"आत्ता बोललात, तो तरी तुमचा ना? कारण दोन्ही मला एकच वाटतायत."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. आत्याचा आणि फ्रेमवालीचा आवाज सारखाच होता. बाबा हयात असताना तेही फसायचे. फोनवर बहिणीला लेक समजून रागवायचे आणि लेकीला बहीण समजून हातउसने मागायचे.

मागे बाक करकरलं.

"बोला," आत्या म्हणाली.

सगळी खोली वळली. आत्या उभी होती, दोन्ही हातांत पर्स घट्ट धरून.

"तुम्ही कोण?" न्यायाधीशांनी विचारलं.

"हिची आत्या. हिच्या बापाची थोरली बहीण. तो आवाज माझा आहे."

"फोनवर तुम्ही होतात?"

"आमच्या घरात फोन माझ्याशिवाय कुणी उचलतं होय? हिला विचारा. मेली, फोन वाजत असला तरी बघत बसते."

वकील खचला नाही. उलट त्याच्या पाळ्या आणखी लाल झाल्या. तो आत्याकडे वळला आणि एकदम गोड झाला.

"उत्तम झालं, आजी. घरातल्या मोठ्या माणसाने भाचीच्या वतीने कबुली दिली, असंच ना? बाकी आहे म्हणालात. बुडणार नाही म्हणालात. पैसे बुडणार नाहीत. शब्द दिलात."

आत्याने पर्स उघडली, चष्मा काढला, पदराने पुसला, डोळ्यांवर चढवला. एक्स्चेंजमध्ये कधी दोन लाइनी एकमेकींत मिसळायच्या, असं ती सांगायची. इकडचा नवरा तिकडच्या बायकोशी बोलू लागायचा. अशा वेळी गडबड करायची नाही. डोळे मिटायचे, कुठली तार ओढायची ते ठरवायचं आणि ओढायची.

तिने डोळे मिटले. पर्स खाडकन बंद केली.

"पैसे कुठून आले मध्येच?" ती म्हणाली. "मी बुडणार नाही, असं म्हणाले मी. मी! पोहायला शिकतेय ना."

मागचं आख्खं बाक हसत सुटलं. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं.

"या वयात?"

"मग काय साहेब, बुडायची वाट बघू?"

"आणि 'पुष्कळ बाकी आहे' ते?" वकील जवळजवळ ओरडला.

"अहो, आहेच की! हात मारता येतात, पण पाय वर येत नाहीत. श्वास कधी घ्यायचा ते समजत नाही, मग पाणीच प्यायलं जातं. पाठीवर तरंगणं बाकी. खोल बाजूला जाणं बाकी. सूर मारणं तर सोडूनच द्या. आता याला पुष्कळ नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? ती बिचारी पोरगी आपुलकीने विचारायची, मी सांगायचे."

"वसुलीचा फोन करणारी मुलगी तुमच्या पोहण्याची चौकशी करेल?"

"न करायला काय झालं? चांगल्या वळणाची आहे."

फ्रेमवाली मान खाली घालून बसली होती. अंगठ्यावर डिंक वाळला होता. ती नखाने तो खरवडत राहिली. तो निघाला तरी खरवडत राहिली. तिने आत्याकडे वळून पाहिलं नाही.

न्यायाधीशांनी वकिलाशेजारी बसलेल्या मुलीला उभं राहायला सांगितलं. ध्वनिमुद्रण खरं आहे एवढंच सांगायला कंपनीने तिला आणलं होतं. हाडकुळी, मोठ्या डोळ्यांची मुलगी. दिवसभर हेडफोन लावून कानांवर केसांची एक कायमची घडी पडलेली.

"हे संभाषण तुमचं आणि या बाईंचं?"

"हो, साहेब."

"पोहण्याचा विषय निघाला होता का?"

मुलीने वकिलाकडे पाहिलं. मग आत्याकडे. आत्याही तिच्याकडेच बघत होती, मान जराशी कलती करून, डोळ्यांआधी कानाने. आजवर नुसत्या आवाजाने ओळखलेल्या माणसाला पहिल्यांदा बघताना बघतात तशी.

"आजी खूप विषय काढायच्या, साहेब," मुलगी म्हणाली. "माझी दाढ दुखायची तर रोज विचारायच्या. मी जेवले का विचारायच्या. आमचे सुपरवायझर मध्ये बोलले तर त्यांनाही जेवलात का विचारायच्या."

"पोहण्याचं विचारतोय मी."

मुलीने कानावरचे केस मागे सारले.

"त्या कशाबद्दलही बोलू शकतात, साहेब."

"ते मला दिसतंच आहे," न्यायाधीश म्हणाले. मग वकिलाकडे वळून: "पूर्ण संभाषण कुठे आहे? या तुकड्याच्या आधीचं, नंतरचं?"

वकिलाने कागद चाळले. लॅपटॉप चाळला. पाळ्यांचा रंग उतरला.

"कंपनीने कामापुरताच भाग जपून ठेवलाय, साहेब."

"मग माझंही काम तेवढ्यापुरतंच," न्यायाधीश म्हणाले आणि लिहू लागले.

दावा फेटाळला. मुदतबाह्य.

*

पायऱ्या उतरताना फ्रेमवाली धावत सुटली आणि शेवटच्या पायरीवरून परत वर आली, कारण आत्या मागेच राहिली होती. कठड्याला धरून उभी.

"जिंकलो, आत्या! यंत्र राहिलं! अगं, यंत्र राहिलं आपलं!"

"ओरडू नकोस, ठमे. लोक बघतायत."

"बघू देत की!"

कोपऱ्यावरच्या टपरीवर दोघींनी उभ्याउभ्याच चहा घेतला आणि बिस्किटांचा पुडा फस्त केला. फ्रेमवालीला हसू आवरत नव्हतं. चहा नाकात गेला. आत्याने तिची पाठ थोपटली. मग हळूहळू हसू ओसरलं आणि फ्रेमवाली कपाच्या तळाशी बघत राहिली.

"तू तिला शब्द दिला होतास, आत्या."

"दिला होता."

"बुडणार नाही, असा."

"हो ना." आत्याने बिस्किटांचा रिकामा कागद नीट चौकोनी घडी करून पर्समध्ये ठेवला. "मग आता?"

"मग आता काय. करू."

*

वसुली कंपनीच्या कचेरीत तोच वकील बसला होता. फ्रेमवालीला दारात पाहून त्याने लॅपटॉप अर्धा मिटला.

"आता काय? तुम्ही जिंकलात ना?"

"जिंकले. म्हणून तर आले. हरले असते तर यंत्र नेलं असतंत, मग पैसे कशातून आणले असते?" ती न विचारता खुर्चीत बसली. "मुद्दल देते. हप्त्यांनी. व्याज, दंड, व्याजावरचं व्याज, ते सगळं विसरायचं. आणि आधी तसं लिहून द्यायचं, शिक्क्यानिशी. मग पहिला हप्ता."

वकिलाने लॅपटॉप पूर्ण मिटला. या खुर्चीत लोक रडायचे, भांडायचे. कोर्टातून सुटून पैसे द्यायला आलेलं माणूस त्याने पाहिलं नव्हतं.

"म्हणजे तडजोड म्हणायची."

"तडा आणि जोड," फ्रेमवाली म्हणाली. "धंदाच आहे माझा."

तो हसला. पाळ्या लाल झाल्या.

*

बँकेतल्या बाईंनी संगणकाचा पडदा फ्रेमवालीकडे वळवला.

"हा तुमचा क्रेडिट स्कोअर."

"वाईट आहे?"

"वाईटाला आम्ही दुसरा शब्द वापरतो," बाई म्हणाल्या, "पण हो."

मग त्यांनी समजावलं. थोडी ठेव ठेवायची. तिच्यावर तेवढ्याच मर्यादेचं एक कार्ड मिळेल. महिन्याला लहानसं काहीतरी घ्यायचं आणि बिल आल्याआल्या पूर्ण फेडायचं. किमान रक्कम नव्हे, पूर्ण. हप्तेही चुकवायचे नाहीत. हळूहळू चढेल.

"म्हणजे आपलेच पैसे ठेवायचे आणि आपल्याकडेच उधार मागायचं," आत्या घरी म्हणाली.

"तसंच."

"बघ बाई. नाही म्हणायला लाजेल एवढ्या जवळचं माणूस गाठलंस."

फ्रेमवाली त्या कार्डावर फक्त खिळे घ्यायची. महिन्याला फ्रेमांचे बारीक खिळे, एक डबा. दुकानदाराने एकदा विचारलं, एवढ्याशा खिळ्यांना कार्ड कशाला, सुटे नाहीत का? ती म्हणाली, सुटे आहेत हो, पत नाहीये.

आणि स्कोअर चढू लागला. आधी चार पावलं, मग एकदम उडी. मग दोन महिने ढिम्म. मग पुन्हा उडी. नवा आकडा यायच्या सकाळी आत्या खालून ओरडायची:

"ठमे! स्कोअर किती?"

फ्रेमवाली वरून आकडा ओरडायची आणि खालून शिट्टी ऐकू यायची. आत्याला दोन बोटं घालून शिट्टी मारता येते, हे तोवर घरात कुणाला माहीत नव्हतं. शेजारच्या चपलांच्या दुकानवाल्याने एक दिवस न राहवून दारात येऊन विचारलं:

"आज कुणाची मॅच आहे? कोण जिंकतंय?"

"आम्ही!" दोघी एकदम म्हणाल्या. एकाच आवाजात.

*

शेवटचा हप्ता भरून फ्रेमवाली पट्ट्यांच्या ठोक व्यापाऱ्याकडे गेली. हा तोच व्यापारी, जो हॉटेलच्या प्रकरणानंतर तिला पाहिलं की आधी हात पुढे करायचा आणि मग पट्टी. तिने रोख काढली. त्याने ती मोजायला घेतली नाही. टेंपोवाल्याला हाक मारून माल चढवायला सांगितलं आणि तिच्याकडे न बघताच म्हणाला:

"राहू द्या ताई. पुढच्या महिन्यात द्या."

ती दुकानात परतली ती टेंपोत, पट्ट्यांच्या ढिगावर बसून. वाटेत तिने ड्रायव्हरला दोनदा हॉर्न वाजवायला लावला. समोर कुणी नव्हतं.

पोटमाळ्यावरच्या अक्रोडी फ्रेमाही एव्हाना निम्म्याहून कमी उरल्या होत्या. एकेक करून खाली येत होत्या, कुणाच्या लग्नाचा फोटो, कुणाचं भरतकाम. एक फ्रेम आत्याने स्वतःसाठी राखून ठेवली होती. तिच्यात काय लावायचं, विचारलं तर म्हणायची, अजून तयार व्हायचंय.

*

एका दुपारी दुकानात एक मुलगी आली. हातात कागदात गुंडाळलेला फोटो. आत्या पोहून आली होती. केस ओले, डोळे लाल, आणि गल्ल्यामागे बसून ती पाण्याशी वैर असल्यासारखी टॉवेलने कान रगडत होती.

"हा फ्रेम करायचाय," मुलगी म्हणाली.

आत्याचा टॉवेल थांबला.

"दाढ काढलीस की नाही शेवटी?"

मुलगी हसली. मोठे डोळे आणखी मोठे झाले. कानांवरची केसांची घडी गेली होती. तिने ती नोकरी सोडली होती. आता एका दवाखान्यात बसते, म्हणाली, लोकांना वेळा देते. तिथे कुणी रागावून फोन आपटत नाही.

फ्रेमवालीने फोटो उलगडला, माप घेतलं, पोटमाळ्याकडे पाहिलं.

"आहे या मापाची. अक्रोडी चालेल?"

"चालेल. किती होतील?"

"तुझ्याकडून पैसे घेतले तर हात झडतील माझे," आत्या म्हणाली.

मुलगी संकोचली. पायाने फरशीवरचा लाकडाचा भुसा सारत राहिली. मग तिची नजर भिंतीवर गेली, कोपऱ्यांच्या रांगेवरून सरकत सरकत शेवटच्या खिळ्यापर्यंत, निळ्या टोपीपर्यंत आणि खालच्या वाटीपर्यंत. वाटीत टप्पकन थेंब पडला.

"आजी," ती म्हणाली, "मग? कसं चाललंय पोहणं?"

फ्रेमवालीने हिरा काचेवर टेकवला आणि तसाच धरून ठेवला.

"पुष्कळ बाकी आहे," आत्या म्हणाली. "पण परवा खोल बाजूला गेले. काठ सोडून. पार पलीकडे, आणि परत."

"आणि?"

"आणि काय? समोर बसलेय की तुझ्या."

मुलगी आधी हसली, मग आत्याही, आणि फ्रेमवालीने एका दमात हिरा ओढला.

आत्या पहिल्यांदा पाण्यात उतरली, ती दावा फेटाळला गेल्यानंतरच्या सोमवारी.